आकाशांतील अंतर आणि जमिनीवरील वेळ

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा या गांवीं, आकाश निरभ्र असलें म्हणजे, एखादें लहानसें विमान घिरट्या घालतांना दिसतें. तें बिरसीच्या विमानतळावरून उडालेलें असतें आणि त्यांत बहुधा वैमानिकाची विद्या शिकणारा कोणी तरुण बसलेला असतो. धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर उभा असलेला शेतकरी क्षणभर मान वर करतो, डोळ्यांवर हात धरतो आणि पुन्हां आपल्या कामाला लागतो. विमान हें त्याच्या नित्य परिचयाचें झालें आहे. परंतु त्यालाच कोणी विचारलें कीं, येथून विमानानें हैदराबादेस जावयास किती वेळ लागतो, तर उत्तर देण्यापूर्वीं त्याला बराच विचार करावा लागेल. त्याचें कारण त्याचें अज्ञान नव्हे. हा प्रश्नच वाटतो तितका सरळ नाहीं.

अंतर किती आणि वेळ किती, हे दोन प्रश्न माणसें एका दमांत विचारतात. जणूं पहिल्याचें उत्तर मिळालें कीं दुसऱ्याचें आपोआप मिळावें. पण दोहोंची जात निराळी आहे. अंतर ही भूगोलाची गोष्ट आहे. दोन स्थळांचे अक्षांश-रेखांश हातीं असले म्हणजे तें घरीं बसून काढतां येतें आणि तें शंभर वर्षांनींहि बदलत नाहीं. वेळ ही इतिहासाची गोष्ट आहे. ती यंत्रावर, वाऱ्यावर, राज्यकर्त्यांच्या इच्छेवर, आणि सर्वांत अधिक, जमिनीवर केलेल्या व्यवस्थेवर अवलंबून असते.

प्रथम अंतराचाच विचार करूं. नागपुरांत शून्य मैलाचा दगड म्हणून प्रसिद्ध असलेला स्तंभ आहे. जवळच्या शिलेवर निरनिराळ्या गांवांचीं अंतरें मैलांत कोरलेलीं आहेत आणि त्यांत हैदराबादचें अंतर ३१८ मैल दिलें आहे. हे मैल सडकेचे. सडक नदीला उतार पाहून ओलांडते, डोंगराला वळसा घालते, आणि वाटेवरच्या मोठ्या गांवांची विचारपूस करीत जाते. नकाशावर पट्टी ठेवून नागपूर व हैदराबाद या दोन नगरांमध्यें रेघ ओढली, तर ती सुमारे २६५ मैलांचीच, म्हणजे सव्वाचारशें किलोमीटरांच्या आसपास भरते. पक्ष्याचें अंतर व पांथस्थाचें अंतर यांत जवळ जवळ पन्नास मैलांचा फरक पडला. विमानाचें पहिलें वरदान हें एवढेंच : त्यानें वळसे वांचविले.

गोंदियाच्या बाबतींत वेळेचा पहिला मोठा पालट विमानानें नव्हे, तर आगगाडीनें घडविला. नागपूर–छत्तीसगड लोहमार्ग १८८० ते १८८२ या काळांत मीटर गेजचा म्हणून तयार झाला. पुढें बंगाल–नागपूर रेल्वे कंपनीनें तो घेतला आणि १८८८ सालीं रुंद केला. विसाव्या शतकाच्या आरंभीं सातपुड्यांतून जबलपूरकडे जाणारा अरुंद फांटा गोंदियास येऊन मिळाला आणि हें गांव जंक्शन झालें. नागपूर ते गोंदिया हें १३० किलोमीटरांचें अंतर बैलगाडीला कित्येक दिवसांचें होतें, तें कांहीं तासांचें झालें. तांदूळ, लाख, तेंदूचीं पानें आणि माणसें हीं सर्व त्या रुळांवरून वाहूं लागलीं. भूगोल तोच राहिला. पालटली ती व्यवस्था.

विमानानेंहि असेंच घडवावें अशी अपेक्षा होती. ती कितपत पुरी झाली, हें पाहण्यासाठीं क्षणभर युरोपांत जावें लागेल. कारण दोन विमानतळांमध्यें ठराविक वेळीं, तिकीट घेऊन, दररोज परदेशीं जावयाचें, ही प्रथा तेथेंच रुजली. पहिलें महायुद्ध संपून वर्षहि झालें नव्हतें, तोंच २५ ऑगस्ट १९१९ रोजीं लंडनजवळच्या हौन्स्लो येथून एक लहान विमान उडालें आणि सुमारे अडीच तासांनीं पॅरिसजवळच्या ल बूर्जे येथें उतरलें. आंत एकच उतारू होता आणि वर्तमानपत्रांसारखा थोडा माल होता. लंडन ते पॅरिस हें हवाई अंतर साधारण साडेतीनशें किलोमीटर. म्हणजे ताशीं १४० किलोमीटरांचा वेग पडला.

आज त्याच दोन नगरांमध्यें जेट विमानें उडतात आणि त्यांचा वेग त्या पहिल्या विमानाच्या पांचपटीहून अधिक आहे. त्रैराशिकाच्या हिशेबानें प्रवास अर्ध्या तासाचा व्हावयास पाहिजे. परंतु वेळापत्रकांत सव्वा तास किंवा त्याहूनहि थोडा अधिक वेळ लिहिलेला असतो. वेग पांचपट झाला, वेळ मात्र निम्माच घटला. उरलेला वेळ गेला कोठें?

तो जमिनीवर गेला. वेळापत्रकांतील वेळ ही केवळ उडण्याची वेळ नसते. विमान आपल्या जागेवरून हाललें, तेथपासून तें दुसऱ्या विमानतळावर आपल्या जागीं उभें राहिलें, तेथपर्यंतचा सर्व काळ तींत धरतात. धावपट्टीच्या टोकापर्यंत हळूहळू जाणें, पुढच्या विमानांची रांग सरण्याची वाट पाहणें, चढणें, उतरणें, उतरण्यासाठीं जागा मोकळी होईपर्यंत आकाशांत फेरा घालणें, हें सर्व त्यांत आलें. शिवाय नगरांतून विमानतळावर पोंचणें आणि तेथें तपासणीसाठीं थांबणें हें तर वेळापत्रकांत धरलेलेंहि नसतें. म्हणूनच १९९४ सालीं समुद्राखालच्या बोगद्यांतून लंडन–पॅरिस आगगाडी सुरू झाली, तेव्हां पुष्कळ उतारू विमान सोडून तिच्याकडे वळले. गाडीचा वेग विमानाहून फार कमी. पण ती नगराच्या मध्यांतून निघते आणि नगराच्या मध्यांत पोंचते.

आपल्या देशांतील विमानाचा इतिहासहि हेंच शिकवितो. १८ फेब्रुवारी १९११ रोजीं अलाहाबादेस, आतांच्या प्रयागराज येथें, हेन्री पेके नांवाच्या फ्रेंच वैमानिकानें सुमारे साडेसहा हजार पत्रें घेऊन यमुनेवरून नैनीपर्यंत उड्डाण केलें. अंतर सुमारे सहा मैल, वेळ तेरा मिनिटें. टपालाच्या इतिहासांत तो दिवस अमर झाला. पण नैनीहून तीं पत्रें पुढें नेहमींच्या टपालानेंच गेलीं. ज्याच्या घरीं पत्र पोंचावयाचें, त्याला या तेरा मिनिटांचा लाभ झाला नाहीं. विमान होतें, वेग होता. पुढची व्यवस्था नव्हती.

ती व्यवस्था बसण्यास वीस वर्षें लागलीं. लंडनहून येणारें टपाल कराचीपर्यंत विमानानें येऊं लागलें, आणि तेथून तें दक्षिणेकडे नेण्याचें काम टाटांच्या कंपनीनें पत्करलें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं सकाळीं जे. आर. डी. टाटा यांनीं एका इंजिनाचें पस मॉथ विमान स्वतः चालवीत कराची सोडली. वाटेंत अहमदाबादेस इंधन घेतलें आणि दुपारीं दोनच्या आंत ते मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. हजार किलोमीटरांच्या या वाटेला, थांबण्याचा वेळ धरून, सात तासांहून थोडा अधिक वेळ लागला. अहमदाबादेस विमानासाठीं पेट्रोलचे डबे आले होते ते बैलगाडींतून! नव्या युगाचें वाहन जुन्या युगाच्या वाहनाची वाट पाहत उभें राहिलें होतें, आणि त्यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. बैल वेळेवर पोंचले म्हणून विमान वेळेवर पोंचलें. जुहूचें मैदानहि पावसाळ्यांत चिखलपाण्यानें निरुपयोगी होई. त्या दिवसांत टपालाच्या विमानाला पुण्याचा आश्रय घ्यावा लागे.

यानंतरचें प्रकरण विदर्भाच्या अगदी अंगणांतलें आहे. ३० जानेवारी १९४९ रोजीं रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. त्या वेळीं रफी अहमद किडवाई हे दळणवळण खात्याचे मंत्री होते. योजना ऐकावयास सोपी होती. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार नगरांतून रात्रीं चार विमानें निघावयाचीं. चौघांनीं मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरच्या सोनेगांव विमानतळावर एकत्र यावयाचें. तेथें टपालाच्या थैल्यांची व उतारूंची अदलाबदल करावयाची. आणि उजाडण्याच्या सुमारास प्रत्येकानें आपल्या घरीं परतावयाचें. मुंबईंत संध्याकाळीं पेटींत टाकलेलें पत्र दुसऱ्या दिवशीं कलकत्त्यास वांटलें जाऊं लागलें. आगगाडीनें त्याच पत्राला दीड दिवसाहून अधिक लागत असे.

या योजनेंत अंतर आणि वेळ यांचें गणित किती बारकाईनें बसवावें लागलें असेल, याची कल्पना करावी. नागपूरपासून हवाई अंतर मुंबईचें सुमारे ६८० किलोमीटर, दिल्लीचें ८५०, मद्रासचें ९००, आणि कलकत्त्याचें ९८० किलोमीटरांच्या आसपास. त्या काळचें डकोटा विमान ताशीं साधारण २७० किलोमीटर जाई. म्हणजे मुंबईच्या विमानाला अडीच तास पुरत, तर कलकत्त्याच्या विमानाला साडेतीन तासांहून अधिक लागत. चौघांनीं एकाच वेळीं भेटावयाचें तर कलकत्त्यानें मुंबईच्या आधीं तासभर निघालें पाहिजे. त्यांत वाऱ्याचाहि हिशेब धरावा लागे. हिंवाळ्यांत वरच्या हवेंत पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात. ते कलकत्त्यास जाणाऱ्या विमानाला पाठीशीं असतात आणि तेथून येणाऱ्याला तोंडावर. अंतर तेंच असून जाण्याचा वेळ एक आणि येण्याचा वेळ दुसरा. एका विमानाला उशीर झाला कीं उरलेल्या तिघांना खोळंबून राहावें लागे आणि सकाळीं चारहि नगरांतले पोस्टमन रिकाम्या हातानें उभे राहात.

ही सेवा फुकट मिळालेली नव्हती. रात्रींचें उड्डाण त्या काळीं जोखमीचें होतें. डिसेंबर १९५३ मध्यें नागपूरहून मद्रासकडे निघालेलें रात्रींचें विमान उड्डाणानंतर लगेच कोसळलें आणि आंतील चौदा जणांपैकीं तेरा जण प्राणांस मुकले. विमान चालविणारा कप्तान तेवढा वांचला. सकाळीं दारांत पडणाऱ्या पत्रामागें अशीं माणसें होतीं, हें पत्र वाचणाऱ्यांपैकीं फार थोड्यांच्या ध्यानीं आलें असेल. सेवा मात्र चालू राहिली. त्याच वर्षीं विमान कंपन्यांचें राष्ट्रीयीकरण झालें होतें आणि ती इंडियन एअरलाइन्सकडे आली होती. १९७० नंतरच्या दशकांत, विमानें व वेळापत्रकें पालटल्यावर, ती बंद झाली.

आतां नकाशावर नागपूर ते कलकत्ता अशी सरळ रेघ ओढून पाहावी. ती गोंदियाच्या थोड्या दक्षिणेकडून जाते. नागपूरहून या भागापर्यंत डकोटाला अर्धा तास पुरे. देशाच्या महत्त्वाच्या टपालाची वाट गोंदियाच्या इतक्या जवळून जात होती. परंतु गोंदियाच्या टपालाला मात्र आधीं आगगाडीनें नागपूर गांठावें लागे. आकाशांतली वाट वरून गेली म्हणून कोणतेंहि गांव जवळ येत नाहीं. वाट ज्या ठिकाणीं जमिनीला टेंकते, तेंच गांव जवळ येतें.

आणि टेंकावयाला जमीन नव्हती असेंहि नाहीं. गोंदियापासून दहा-पंधरा किलोमीटरांवर, बिरसी येथें, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४० सालीं, इंग्रज सरकारनें धावपट्टी बांधली होती. तिच्या मागें उतारूंचा विचार नव्हता, युद्धाचा होता. युद्ध संपलें, इंग्रज गेले, धावपट्टी उरली. नागपूरला चार दिशांचीं विमानें रोज रात्रीं भेटत होतीं, तेव्हां बिरसीची ही पट्टी उन्हापावसांत पडून होती. १९९८ पासून ती महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे होती. डिसेंबर २००५ मध्यें भारतीय विमानतळ प्राधिकरणानें ती आपल्या ताब्यांत घेतली, तिची लांबी सुमारे २,३०० मीटर झाली, आणि वैमानिकांच्या शिक्षणाची राष्ट्रीय संस्था तेथें स्थापन झाली. देशाच्या कानाकोपऱ्यांतले तरुण गोंदियास येऊन उडावयास शिकूं लागले. ज्या गांवांच्या डोक्यावर ते शिकत होते, त्या गांवांतल्या माणसाला मात्र विमानांत बसावयाचें तर अजूनहि नागपूरच गांठावें लागत होतें.

या विस्ताराची किंमत सर्वांनीं सारखी दिली नाहीं. विमानतळाला जमीन लागते आणि जमीन कोणाची तरी असते. बिरसी व आसपासच्या गांवांतील कुटुंबांचीं शेतें व घरें त्या कामीं लागलीं आणि कांहींच्या पुनर्वसनाचा प्रश्न कित्येक वर्षें रेंगाळत राहिला. दूरच्या उतारूचा एक तास वांचावा म्हणून जवळच्या शेतकऱ्याची वर्षें खर्चीं पडलीं. वेळेचा हिशेब मांडतांना हा रकाना कोरा ठेवणें न्यायाचें होणार नाहीं.

लहान नगरांना विमानानें जोडण्यासाठीं केंद्र सरकारनें २०१६ सालीं उडान ही योजना जाहीर केली. तिच्यांत एक नियम असा होता कीं, साधारण एक तासाच्या, म्हणजे सुमारे पांचशें किलोमीटरांच्या प्रवासाला, ठराविक जागांपुरतें, अडीच हजार रुपयांहून अधिक भाडें घ्यावयाचें नाहीं. अंतर, वेळ आणि पैसा या तिघांची सांगड येथें सरकारनेंच घालून दिली. योगायोग असा कीं, बिरसी ते हैदराबाद हें हवाई अंतर जवळ जवळ तेवढेंच, पांचशें दहा किलोमीटरांच्या आसपास आहे. १३ मार्च २०२२ रोजीं इंदूर–गोंदिया–हैदराबाद अशी विमानसेवा सुरू झाली. धावपट्टी बांधल्यापासून ब्याऐशीं वर्षांनीं! परंतु ती कांहीं महिन्यांतच थांबली. पुढें १ डिसेंबर २०२३ पासून इंडिगो कंपनीनें तिरुपति–हैदराबाद–गोंदिया अशी सेवा आरंभिली.

आतां धुऱ्यावरच्या त्या शेतकऱ्याला विचारलेल्या प्रश्नाकडे परत यावें. समजा, कुडव्याच्या एखाद्या माणसाला आजारी भावाला भेटण्यासाठीं हैदराबादेस जावयाचें आहे. बिरसीहून विमान असलें तर अर्धा तास रस्त्याचा, तासभर तपासणीचा व वाट पाहण्याचा, सव्वा ते दीड तास विमानाचा, आणि पुढें विमानतळांतून बाहेर पडण्याचा : एकूण चार तासांत तो हैदराबादच्या हद्दींत असेल. त्या दिवशीं बिरसीहून विमान नसलें, तर आधीं दोन तास आगगाडीनें नागपूर, तेथून सोनेगांव, पुन्हां तपासणी, पुन्हां वाट पाहणें, आणि मग सव्वा तासाचें उड्डाण : सहा-सात तासांखालीं हें काम होत नाहीं. गंमत अशी कीं, नागपूर हैदराबादेस गोंदियापेक्षां ऐंशींहून अधिक किलोमीटरांनीं जवळ आहे. जवळच्या विमानतळावरून जाणाऱ्याला अधिक वेळ लागतो आणि दूरच्या विमानतळावरून जाणाऱ्याला कमी. कारण तो दूरचा विमानतळ त्याच्या घरापाशीं आहे. आणि ज्याच्यापाशीं विमानाचें भाडेंच नाहीं, त्याच्यासाठीं हैदराबाद हें सडकेनें साडेसहाशें किलोमीटरांहून अधिक दूर आहे, म्हणजे एक पुरी रात्र दूर. एकाच गांवांतल्या तीन माणसांना एकाच नगराचीं तीन निरनिराळीं अंतरें.

मोठ्या विमानतळांच्या इतिहासांत वेगाचीं वर्णनें पुष्कळ आढळतात. कोणतें विमान किती वेगानें गेलें, कोणी पहिला क्रमांक पटकावला, हें मुलांना पाठ असतें. परंतु अलाहाबादच्या तेरा मिनिटांपासून बिरसीच्या ब्याऐशीं वर्षांपर्यंतचा हा वृत्तांत पाहिला, म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. विमानाचा वेग वाढविणें हें काम मनुष्यानें फार लवकर साधलें. त्या वेगाचा लाभ लहान गांवाच्या दारापर्यंत आणून पोंचविणें हें काम त्याहून कितीतरी कठीण ठरलें. कारण तेथें यंत्र पुरत नाहीं. तेथें धावपट्टीची निगा लागते, भाड्याचा मेळ लागतो, सेवा अखंड चालू ठेवण्याची चिकाटी लागते, आणि ज्यांनीं जमीन दिली त्यांचें देणें चुकतें करण्याची दानत लागते.

कुडव्याच्या आकाशांत शिकाऊ विमान अद्यापहि घिरट्या घालतें. तें कोठें जात नाहीं. उडतें तेथेंच उतरतें. त्याच्यापेक्षां उंचावरून, सरळ रेषेंत, एखादें मोठें विमान निघून जातें. धुऱ्यावरच्या शेतकऱ्यापासून त्या विमानाचें अंतर दहा-अकरा किलोमीटरांचेंच असतें, बिरसीच्या रस्त्याहूनहि कमी. पण त्याला किती वेळ लागेल हें विचारलें, तर तो आकाशाकडे पाहणार नाहीं. तो आधीं विचारील, 'आज बिरसीहून विमान आहे काय?' आणि हा प्रश्न ज्याला सुचला, त्याला अंतर व वेळ यांतला भेद कोणी शिकविण्याची गरज नाहीं.